खोकला काढून टाकलेलं पुस्तक

मी कपाटातला माइक बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आज चार शब्द माझे ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गायकाच्या ओठांशी जाऊन बसेन. पण नशिबात होतं कपड्यांचं कपाट! या घरातल्या बाई कादंबऱ्या लिहीत. "हल्ली वाचतंय कोण?" म्हणत प्रकाशकांनी एकेक करून दारं लावून घेतली, तेव्हा त्यांच्या लेकीनं मला आणलं.

"आई, आता कुणाचे उंबरठे झिजवायचे नाहीत. तुझं पुस्तक तूच वाचायचं आणि ऑडिओबुकच्या कंपनीला पाठवायचं. लोक भांडी घासता घासता ऐकतील."

"भांडी घासता घासता?" बाईंचा चेहरा पडला.

"अगं, निदान ऐकतील तरी!" खोलीतून त्यांचे यजमान म्हणाले. बाई त्यांना 'अहो' म्हणत, म्हणून माझ्यासाठीही ते अहोच.

आवाज घुमू नये म्हणून बाई कपाटात स्टुलावर बसत. डोक्यावर लोंबणारे कोट, पाठीशी गोधडी. दार मात्र अर्धवट उघडं, कारण बाहेर खुर्चीत अहो असत. लग्नापासून बाईंचं प्रत्येक पान आधी त्यांच्या हातात जायचं. पुढे अहोंची दृष्टी गेली आणि हात रिकामे झाले, पण कान शाबूत होते. वाक्य जमलं की ते "हं" म्हणत. फसलं की खोकत.

"काय वाईट आहे हो त्यात?" बाई फणकारत.

"कुठे काय? घसा खवखवला जरा."

मग बाई मुकाट्यानं वाक्य बदलून पुन्हा वाचत. त्यानंतरचा तो "हं" ऐकून मलासुद्धा बरं वाटायचं. सगळी कादंबरी अशीच पुरी झाली.

कंपनीनं ती परत पाठवली. मागे कुणीतरी सारखं खोकतंय, हुंकारतंय, हे चालणार नाही म्हणे. लेक हुशार. तांदळातले खडे निवडावेत तसे तिनं संगणकावर बसून खोकले निवडले, हुंकार निवडले, खुर्चीची करकरही काढली. मग मूळ फाइली उगाच जागा अडवतात म्हणून पुसून टाकल्या.

"बघा बाबा, तुमचा मागमूससुद्धा ठेवला नाही!"

"वा, झकास!" अहो खूश होऊन म्हणाले.

पुस्तक आलं. त्याच्यासारखी रोज किती येतात, देव जाणे. कुणी दोन मिनिटं ऐकलं, कुणी तेवढंही नाही. अहो मात्र रोज ऐकत, आणि जिथे पूर्वी खोकले होते तिथे आता समाधानानं मान हलवत. पुढे त्यांना साधा ताप आला आणि त्यातच ते गेले.

पाहुणे पांगल्यावर बाई लेकीला म्हणाल्या, "मला ते पहिलं ऐकव. खोकल्याचं."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई... ते मी पुसलं गं. फोनमध्ये वाढदिवसाचे व्हिडिओ आहेत ना, त्यात बाबा बोलतात, ते लावू?"

"त्यात ते बोलतात. मला ते ऐकताना हवेत."

लेकीनं संगणक पालथा घातला, दुरुस्तीवाल्याकडे नेला, रडली. काही हाती लागलं नाही. मग बाईंनी मला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ कानाशी धरून ठेवलं. त्यांना कसं सांगू? माझ्यातून आवाज जातो, राहत नाही. तो एकेक खोकला मी ऐकलाय, पण त्यातला एकही मला परत देता येत नाही.

आता कंपनीनं कळवलंय की पुढचं पुस्तक नुसतं लिहून पाठवा, यंत्र वाचेल, हवा तो आवाज निवडा. लेक दबकत म्हणाली, "आई, आता कपाटात बसायचीही गरज नाही."

तरी बाई बसतात. दार अर्धवट उघडंच ठेवतात. माणसांनो, आवाज साफ करताना जरा थांबत जा, एवढंच माझं मागणं. माझ्या बाईंसाठी आता त्याचा उपयोग नाही.

आज सकाळी त्यांनी नव्या कादंबरीचं पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीकडे कान लावून थांबल्या. वाक्य फसलं होतं. ते मलाही कळलं. पण खोकायला मला घसा नाही.