छायलानचा गट

आमच्या हेशान गावात बांबूचा हुक्का न ओढणारा पुरुष शोधून सापडायचा नाही, आणि ओढणाऱ्यांत माझा, म्हणजे पू देमाओचा, नंबर बराच वरचा होता. उभा जन्म खाणीवर कोळशाचा ट्रक चालवला. ट्रकमधून उतरलो की पहिला हात हुक्क्याकडे. त्यामुळे खुनमिंग शहरातून डॉक्टर मंडळी दवाखान्यात आली आणि तंबाखूने फुप्फुसं खराब झालेली माणसं अभ्यासासाठी हवीत असं म्हणाली, तेव्हा पहिलं बोलावणं मलाच आलं.

माझी बायको छायलान सोबत आली, ती मी वाटेतून पळून जाईन म्हणून. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती थांबत थांबत चढली. कठडा धरून उभी राहायची आणि खालची दरी बघतेय असं दाखवायची. गावातल्या साऱ्याच बायका चढावर अशा दरी बघत उभ्या राहायच्या. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं.

आत निंग नावाची नर्स एक नळी माझ्या तोंडात देऊन ओरडायला लागली. "फुंका काका, फुंका! अजून, अजून, सोडू नका!" मी डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलं.

"एवढा काय फुगतोयस?" छायलान म्हणाली. "डुकराला बांधताना तेही एवढा आवाज करत नाही."

"मावशी, मग तुम्हीच फुंकून दाखवा," निंग हसत म्हणाली.

छायलानने कोटाआडची उकडलेल्या बटाट्यांची पिशवी माझ्याकडे दिली आणि फुंकलं. निंगचं हसू गेलं. तिने नळी बदलली, पुन्हा फुंकायला लावलं. मग खुनमिंगच्या डॉक्टर शुए स्वतः येऊन यंत्रापाशी उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या बाई. छायलानचा श्वास कुणाचा पाय पडलेल्या रबरी पाइपातून पाणी यावं तसा बाहेर येत होता, रेंगाळत.

"मावशी, तुमच्या श्वासाच्या वाटा काकांपेक्षा जास्त अरुंद झाल्यात," शुए म्हणाल्या. "खोकला कधीपासून आहे?"

"खोकला सगळ्यांनाच असतो."

"मग हिलाही घ्या की अभ्यासात," मी म्हणालो.

"नाही घेता येणार, काका. नियमच तसा आहे. यात फक्त तंबाखू ओढणारी माणसं. मावशींनी कधी ओढली नाही ना?"

छायलानने हुक्क्याला हात लावला नव्हता, हे खरं. पण धुराड्याच्या शेगड्या गावात आल्या त्या फार उशिरा. त्याआधी घराच्या मधोमध जमिनीत खड्डा, त्यात आमच्या खाणीचा काळा धूर ओकणारा कोळसा, आणि त्यावर वाकून ती माझ्या आईबापाचं, भावांचं, पोरांचं रांधत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "धूर आत शिरताना विचारतो का, बाई, तू मला हौसेने ओढतेस की नाइलाजाने?"

ओळीत बसलेले पुरुष खो खो हसले. डॉक्टर शुए हसल्या नाहीत. त्यांनी छायलानला पंपातून श्वासाबरोबर ओढायचं औषध लिहून दिलं, ते कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि मग हळूच विचारलं, "तुमच्यासारख्या आणखी किती बायका आहेत इथे?"

"मी काय गावप्रमुख आहे मोजायला? उद्या आणते. तुम्हीच बघा."

घरी येईपर्यंत तिने माझा हुक्का घेवड्याच्या वेलाला टेकू म्हणून रोवायचं ठरवूनही टाकलं होतं. मग ती दारोदार फिरली. बायका म्हणायच्या, "वय झालं गं, दम लागायचाच." छायलान म्हणायची, "वय झालं तर गुडघे दुखतील. केस विंचरताना दम का लागतो?"

दुसऱ्या दिवशी माझी बटाटे वाहायची तीनचाकी बायकांनी भरली. "देमाओ, हळू!" शेजारची ताओ ओरडली. "आम्ही बटाटे नाही. सांडलो तर पुन्हा उगवणार नाही!"

संध्याकाळपर्यंत मी खेपा घालत होतो. एकेक बाई फुंकत होती आणि निंगचा आवाज बसत चालला होता. जवळजवळ सगळ्यांच्याच वाटा कमीजास्त आवळलेल्या. डॉक्टर शुएंनी प्रत्येकीला औषध सांगितलं, कागद गोळा केले आणि गेल्या.

मला वाटलं, गेल्या त्या गेल्या. पण दीडेक वर्षाने त्या परत आल्या, त्या नवा अभ्यास मंजूर करून घेऊनच. फक्त बायकांचा, चुलीच्या धुराने आजारलेल्या बायकांचा. खुनमिंगच्या एका मोठ्या डॉक्टरांनी म्हणे विचारलं होतं की डोंगरातून अशा बायका गोळा कोण करणार. "मी सांगितलं, त्या आधीच गोळा झाल्यात," शुए म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी सगळं समजावलं. नेहमीचं औषध सगळ्यांना मिळणारच. अर्ध्या बायकांनी त्याशिवाय हिवाळाभर दवाखान्यात येऊन श्वासाचा आणि चालण्याचा व्यायाम शिकायचा. उरलेल्या अर्ध्यांनी थांबायचं. वसंतात सगळ्यांना मोजायचं, आणि त्यानंतर थांबलेल्यांचाही वर्ग घ्यायचा. कोणी कुठे, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवणार.

कॉम्प्युटरने ताओला वर्गात घातलं आणि छायलानला थांबणाऱ्यांत.

माझं डोकं फिरलं. "जिच्यामुळे हा अभ्यास उभा राहिला, तिलाच बाहेर बसवता?"

"काका, मी माझ्या आवडीने निवडायला लागले, तर याला अभ्यास म्हणता येणार नाही," शुए म्हणाल्या. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

छायलानने माझी बाही ओढली. "चल घरी. तमाशा नको."

हिवाळाभर मी ताओ आणि बाकीच्या बायकांना दवाखान्यात सोडत होतो. अंगणात त्या रबरी पट्टे ताणायच्या, बादलीपासून बादलीपर्यंत चालायच्या, आणि गरम सूप निववताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायच्या. मी तीनचाकीत बसून बघत होतो. बघून बघून मला सगळं पाठ झालं. ताओ आता गप्पा मारत चढ चढायची, आणि तिच्या गप्पा काही ऐकण्यासारख्या नसायच्या.

एक दिवस छायलान बटाटे सोलत होती. मी दार लोटलं आणि समोर बसलो. "हे बघ, ओठ असे कर. आता सोड, हळू."

तिने बटाट्याची सालं माझ्या अंगावर फेकली.

"अगं, कोण बघायला येतंय इथे?"

"कोणी नाही. म्हणूनच नको."

"ताओ बघ कशी चालतेय! तू मात्र केस विंचरून अजून बाजेवर टेकतेस."

"टेकू दे." ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे वळली. "नीट ऐक. मी चोरून शिकले आणि सुधारले, तर कागदावर काय दिसेल? न शिकताही बाई सुधारते." तिला थांबावं लागलं. छाती वरखाली होत होती. मी पाणी द्यायला उठलो, तर तिने हातानेच बस म्हटलं. "मग वरचे लोक म्हणतील, वर्ग हवाय कशाला? पलीकडच्या डोंगरातल्या बायकांना मग कोण शिकवेल? मला एकटीला बरी करायला निघालास, देमाओ, आणि त्या सगळ्यांना बुडवशील."

मी कॉलरमधली सालं काढत बसलो. तेवढं बोलताना तिला धाप लागली होती, आणि एवढं नीट मी भर दमातही कधी बोललो नव्हतो. तेव्हा तिचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पोरगा शहरात नोकरीला लागला तेव्हाही वाटला नव्हता.

तिच्या गटातल्या दोघीजणी कंटाळून नाव काढून घ्यायला निघाल्या होत्या. छायलान त्यांच्या घरी भाजलेल्या हॅमचे तुकडे घेऊन गेली. "नाव काढायचं तर काढा, तुमची मर्जी," ती त्यांना म्हणाली. "पण आपण काही ओवाळून टाकलेल्या नाही. आपण नसलो तर वर्गातल्या सुधारल्या हे ताडून बघणार कशाशी?" दोघीही राहिल्या.

वसंतात पुन्हा शाळेचा हॉल भरला. जिल्ह्याचे अधिकारी पुढच्या खुर्च्यांवर. डॉक्टर शुएंनी भिंतीवर दोन रेघा दाखवल्या. एक वर चढत गेलेली, वर्गातल्या बायका किती लांब चालू लागल्या त्याची. दुसरी खाली, आडवी. अधिकाऱ्यांनी वरच्या रेघेला टाळ्या दिल्या. ताओ लाजून लाल झाली.

छायलान उठली. "डॉक्टर, ती खालची आमची का?"

"हो, मावशी."

ती पुढे गेली. मध्ये एका खुर्चीच्या पाठीला धरून तिने श्वास घेतला, सगळा हॉल थांबला, मग ती भिंतीपाशी पोहोचली आणि आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही आम्ही हिवाळाभर सांभाळली," ती म्हणाली. "दारामागे शिकवायला माणसं बसली होती." बायका माझ्याकडे वळून हसल्या. "पण एकीनेही चोरी केली नाही."

डॉक्टर शुए अधिकाऱ्यांकडे वळल्या. "वरची रेघ खरी आहे असं मी छातीठोक सांगू शकते, ते यांच्या जिवावर," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर माझ्या बायकोपुढे कमरेतून वाकल्या. पहिली टाळी ताओने वाजवली. पुढचं मला नीट दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

ठरल्याप्रमाणे थांबलेल्यांचा वर्ग लगेच सुरू झाला. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे शुएंनी आधीच सांगितलं होतं. पण उरलेल्या श्वासात पुष्कळ काही करता येतं. शेंगा खुडायच्या दिवसांत छायलान परसातून पाण्याची बादली स्वतः आणायला लागली आणि मी मदतीला गेलो की ओरडायला लागली.

हे वर्ग आता शेजारच्या जिल्ह्यांतही घ्यायचं ठरलंय. परवा तिकडच्या बायकांनी भरलेली बस बघायला आली. निंगने छायलानला रबरी पट्टा देऊन पुढे उभं केलं. मी बाहेर बसच्या ड्रायव्हरबरोबर उभा होतो.

आतून कुणीतरी विचारलं, "मावशी, तुम्ही पहिल्या वर्गातल्या का हो?"

"नाही," छायलानचा खणखणीत आवाज अंगणापर्यंत आला. "मी थांबणाऱ्यांतली."

"ती माझी बायको," मी ड्रायव्हरला सांगितलं.