तानाबाईनं सांगितलेली फिल्म

१९७४ साली शिरोळच्या एका शाळेत नजीरा मुल्लाबाईंनी विज्ञानाच्या तासाला पाच मिनिटांची फिल्म लावली. पडद्यावर मातीखालच्या उसाच्या कांडीला मुळं फुटत होती, पण माहिती इंग्रजीत होती. मुलींना काहीच कळेना. बाईंनी आवाज बंद केला आणि लेकीचा डबा घेऊन आलेल्या तानाबाईला विचारलं, "तुम्ही ऊस लावता. सांगाल का?"

तानाबाई आधी लाजली, मग पुढं झाली. "ही पयली मुळं कांडीची हायती. कोंबाला सोताची मुळं फुटूस्तवर कांडीच त्याला पोसती की!"

बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. तानाबाईला वाचता येत नव्हतं. तिची लेक शालन ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, तू सांगितलेलं लिवलंय बाईंनी!"