एकोणीस ओळी

भूजल खात्याच्या संगणक विभागात तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून अठरा वर्षांनी लहान असलेले साहेबसुद्धा. तीस वर्षं ताई फोरट्रान या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत आली होती. पन्नाशीनंतर हट्टानं त्याच भाषेतली साच्यांची नवी पद्धत शिकली. ‘विहीर’ नावाचा साचा करायचा, त्यावरून ‘बोअर’ हा पोटसाचा. एका हाकेत, म्हणजे एका ओळीच्या आज्ञेत, प्रोग्रॅममध्ये नवी बोअर तयार, खोली आणि पाण्याची उंची जागच्या जागी.

पण तिच्या बोअर कोरड्या निघत होत्या. मोजणीत भरपूर पाणी, प्रोग्रॅममध्ये शून्य. तीन आठवडे तिनं ओळ न् ओळ चाळली. साहेब रागावले नाहीत. जुनाच प्रोग्रॅम वापरू, एवढंच म्हणाले. ते तिला जास्त लागलं. डोकं चालेनासं झालंय, असं तिनं घरी नवऱ्याला सांगून टाकलं.

शेवटी तिनं कंपायलर, म्हणजे तिचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्यांना ईमेलनं पत्र लिहिलं. सुरुवातच माफी मागून. उत्तर एका निवृत्त गणितशिक्षकाचं आलं. ते हे काम हौसेनं करत. चूक दिसेल एवढंच ठेवा, बाकी काढून टाका, असं त्यांनी सुचवलं होतं. दोन दिवस ताई कात्री चालवत राहिली. चाळीस हजारांतल्या एकोणीस ओळी उरल्या, आणि शून्य तसंच. त्या तिनं शिक्षकांना पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पत्र आलं.

“बाई, तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक आमची. पोटसाच्याची वस्तू तयार करताना मूळ साच्यातले आकडे आमचा कंपायलर वाटेतच सांडतो. इतक्या नेमक्या ओळी कुणी क्वचितच पाठवतं.”

ताईनं ते दोनदा वाचलं, उठून तोंड धुतलं आणि पत्राचा छापील कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचून खुर्ची ओढली.

“मी घाई केली, ताई. दाखवा बरं, कुठे सांडतात ते.”

दुरुस्ती होईपर्यंत आधी रिकामी बोअर करून मग एकेक आकडा भरा, असंही शिक्षकांनी कळवलं होतं. त्यानं काम भागलं. दोन महिन्यांनी नवा कंपायलर आला. पहिल्याच बोअरला साडेअकरा मीटर पाणी लागलं.

त्या दिवशी ताईनं शिक्षकांना लिहिलं, “माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला होता. तो तुम्ही परत आणून दिलात. हे उपकार मी विसरणार नाही.”

त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. उपकार वगैरे काही नाही, पण समुद्राच्या लाटा मोजणारी एक मुलगी असंच काहीतरी घेऊन अडली आहे, तुम्ही बघाल का?

ताईनं लगेच हो कळवलं.