नावाची मोकळी जागा

सोमवारी, १९ मार्च १९७९ रोजी सकाळी अकरा वीसला साहेबांची जीप नाशिकहून मुंबईला निघाली. साहेबांच्या मांडीवर लाखबंद पाकीट होतं. त्यात कचेरीतले दोन गोपनीय अहवाल होते. एक हेडक्लार्क देवरामांचा, साहेबांनी लिहिलेला. दुसरा टायपिस्ट सहादूचा, देवरामांनी लिहिलेला. अधीक्षकाच्या जागेसाठी देवरामांचं नाव पुढे गेलं होतं आणि बुधवारी समिती बसणार होती.

सहादूच्या अहवालाने देवरामांचा अख्खा शनिवार खाल्ला होता. पोराचं काम चोख. पण मधेच टाइपरायटरवर बोटं ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा. समोरच्या चहावर साय धरली तरी त्याला पत्ता नसायचा. आता हे इंग्रजीत लिहायचं होतं.

देवरामांनी आधी 'अ‍ॅबसेंट-माइंडेड' लिहिलं.

"विसरतो का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. लक्षात सगळं असतं. फक्त इथं नसतो."

मग डिक्शनरीतून तंद्रीसाठी 'वूल-गॅदरिंग' काढलं. साहेब म्हणाले, "लोकर गोळा करतो? आपलं खातं मेंढ्यांचं नाही, देवराम." त्याच अर्थाच्या 'ब्राऊन स्टडी'वर त्यांनी नुसतीच काट मारली. शेवटी 'ऑफन लॉस्ट इन थॉट'वर निभावलं.

इंग्रजी टायपिंग कचेरीत एकट्या सहादूला येई. ज्याचा अहवाल त्याला तो कळू नये, म्हणून देवरामांनी मसुद्यात नावाची जागा मोकळी ठेवली. मागाहून शाईने भरता आली असती. पण साहेबांना घाई. त्यांनी सोमवारी मशीनवरूनच कागद उचलले, सह्या ठोकल्या आणि प्रतींसकट पाकीट बंद केलं.

पावणेबाराला देवरामांनी सहादूच्या टेबलावर उरलेला कार्बन पेपर खिडकीच्या उजेडात धरला. 'ऑफन लॉस्ट इन थॉट' स्पष्ट उमटलं होतं. वर नाव देवरामांचं. म्हणजे पाकिटात त्यांचेच दोन अहवाल गेले होते.

"सहादू, हे नाव कुठून आणलंस?"

"जागा मोकळी होती, भाऊसाहेब. आधीचा कागद तुमचा होता, त्यावरून घेतलं."

"खाली काय लिहिलंय ते वाचलंस?"

"टाइप करताना मी वाचत नाही."

"मग काय करतोस?"

सहादू उत्तर शोधू लागला. शोधता शोधता त्याची नजर खिडकीबाहेर गेली आणि तिथेच राहिली.

देवरामांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तो पाच चाळीसला लागला. साहेब येऊन गेले होते आणि पाकीट आवक टेबलावर पोचलं होतं. ते उघडलं की नाही, हे तिथल्या कारकुनाला सांगता आलं नाही.