ओढ्याच्या अलीकडे

दाऊदभाईंची आठवण आधी कानाला येते. चामड्याचा पट्टा बकलातून ओढल्याचा कोरडा करकर आवाज, मग घोडीच्या पोटावर तळव्याची हलकी थाप, मग तोच पट्टा सोडून पुन्हा ओढणे. आखातातली डिसेंबरची सकाळ, हजर पर्वताच्या उघड्या खडकांवर उतरलेला फिकट गुलाबी उजेड, अधीर घोडे आणि त्यांच्याहून अधीर आम्ही. पण खोगिराचा तंग तीनदा तपासल्यावाचून या माणसाचा दिवस उजाडत नसे. अल बर्शाहून अंधारात गाडी हाकत आलेली मी मनातल्या मनात चरफडे. कुणी ‘यल्ला’, चला आता, म्हटले, की मान वर न करता ते ‘इन्शाल्ला’ म्हणत, आणि त्या शब्दात घाईला शिरायला कुठे फट नसे.

रत्नागिरीकडच्या खाडीकाठी जन्मलेला हा साठीचा माणूस सारी हयात परक्या डोंगरांत परक्यांना घोड्यावर बसवत राहिला. त्यांच्या संथपणाला आळस म्हणता येत नव्हते. आळसाशी निदान भांडता तरी आले असते.

दर उन्हाळ्यात, इथले डोंगर तापून निघाले की, तबेल्यातर्फे ते चारदोन जणांना किर्गिझस्तानात, हिमनद्यांच्या मुलखात घोड्यावरून घेऊन जात. गेल्या ऑगस्टात मी आणि माझी लेक सई अशा दोघीच त्यांच्यासोबत गेलो. सप्टेंबरात ती शिकायला कॅनडाला जाणार होती. त्याआधी एकदा आम्ही दोघींनी हिमनदीच्या पायाशी उभे राहावे, एवढेच मी त्या वर्षाकडे मागितले होते.

चार दिवस सूचिपर्णी अरण्यांतून आणि ओल्या कुरणांतून चाललो. पाचव्या सकाळी सईच्या घोडीच्या खुरात खडा सापडला, आणि तो खूर मांडीवर घेऊन दाऊदभाई दोन तास बसले. खडा निघाल्यावरही बोटाने चाचपत, जणू त्या खुरात कुणी काही लिहून ठेवले होते. हिमनदीखालच्या ओढ्याशी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. उन्हाने वरचे बर्फ वितळवून ओढा फुगवला होता. राखेसारखे करडे पाणी दगडांवरून गडगडत होते. पलीकडे, तासाभराच्या वाटेवर, ते निळसर बर्फ.

ते घोड्यावरून उतरले. “ताई, आज नको. पाणी चढलंय.”

आपण सकाळी वेळेवर निघालो असतो तर ते चढलेले नसते, असे मी म्हटले. उद्या परतायचे आहे, हेही सांगितले.

“असू दे. बर्फ कुठं जातंय?”

बर्फ जाणार नव्हते. सई जाणार होती. पण हे त्यांना सांगायला शब्द फुटले नाहीत. फुटले ते भलतेच. मी त्यांना भित्रा म्हटले.

थोड्या वेळाने दुसरी एक तुकडी आली, रिकिबीपर्यंतच्या पाण्यातून पार गेली आणि संध्याकाळी हसतखेळत सुखरूप परतली. दाऊदभाईंनी तेही पाहिले आणि नजर खाली घातली नाही. निदान माझ्या समाधानासाठी तरी नियतीने त्यांना बरोबर ठरवायला हवे होते. तेवढीही कृपा झाली नाही.

ती सारी दुपार मी एका खडकावर, पैलतीराकडे तोंड करून, रागात बसून काढली. मागे सई आणि ते जर्दाळू खात बोलत होते. एकदा दोघे हसले. मग बराच वेळ सईचाच आवाज, खालचा, थांबत थांबत येणारा. पाण्याच्या घोषात त्यातले काही ऐकू येईना. मी वळून पाहिले तेव्हा ती डोळे पुसत होती आणि त्यांचा रापलेला हात तिच्या डोक्यावर होता. मी उठले नाही. राग इतका जवळचा होता की त्याला ओलांडून पोरीपर्यंत जाणे मला जमले नाही.

सई गेली. पुढे दाऊदभाईही व्हिसा खलास करून कायमचे गावी परतले. त्या दुपारी काय बोलत होतीस, असे मी फोनवर विचारले, तर सई म्हणाली, “आई, आय डोन्ट रिमेंबर. लीव्ह इट ना.” मग दाऊदभाईंना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला, आणि आधी घोड्यांची साग्रसंगीत चौकशी झाली. त्यानंतर माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

“पोरीनं मला सांगितलं, ताई,” ते म्हणाले. “तुम्हीपण होतात की तिथं.”

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण आताशा जाणवते, की माणसे दूर जाताना आपल्या आयुष्यातला एखादा प्रहर अलगद सोबत घेऊन जातात. काळ तो परत देत नाही, आणि स्मृतीत उरते ती त्या प्रहराची नुसती पाठमोरी आकृती, काही बोलत असलेली, आपल्याला ऐकू न येणारी.