बिनभुवयांचा नवरा

माझा नवरा थायलंडला गेलाय हे मी बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. साठीचा माणूस एकटा थायलंडला गेला म्हटल्यावर लोक ज्या सुरात "हो का?" म्हणतात, तो सूर मला ऐकायचा नव्हता. अनिल कुठल्या बीचवर गेला नव्हता. उबोन नावाच्या शहरापासून दोन तास आत, भातशेतीतल्या एका खेड्यात राहून बघायला गेला होता. पण हे सांगितलं असतं तर लोक आणखीच हसले असते.

झालं होतं असं, की जूनमध्ये तो रिटायर होणार होता. नोकरी संपली की व्हिसा संपणार, आणि व्हिसा संपला की अबू धाबीतली आमची तीस वर्षं खलास. पुढे कुठे राहायचं हे मी वर्षभर आधीच ठरवून टाकलं होतं. पुण्यात बाणेर, सातवा मजला, पूर्वेकडची गॅलरी. अनिल "बरं" म्हणाला होता. त्याचा स्वभावच तसा, कशाला नाही म्हणून म्हणायचा नाही.

आणि एका शुक्रवारी जेवता जेवता म्हणाला, "उर्मिला, बाणेरचं फायनल करण्याआधी मी तीन आठवडे बुनमीकडे राहून येऊ का? जमलं तर आपण दोघं तिकडेच..."

बुनमी हा इथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या यार्डमधला त्याचा जुना थाई फोरमन. वीस वर्षं वेल्डिंग करून तो आपल्या गावी परतला होता. मी अनिलला वाक्य पुरं करू दिलं नाही. "जा," म्हटलं, "डास चावले की येशील परत."

डास चावले, पण हा काही कुरकुरेना. रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि रोज मला नवा धक्का द्यायचा. जमिनीवर चटई टाकून झोपतो. मुंग्यांची अंडी खाल्ली. ज्या माणसाने माझ्या घरात कधी वांग्याला हात लावला नाही, त्याने मुंग्यांची अंडी खाल्ली आणि वर "आंबटसर लागतात" म्हणून सांगितलं. पहाटे उठून बुनमीच्या आईबरोबर दारात बसतो, अनवाणी भिक्खू रांगेने येतात, त्यांच्या पात्रात भाताची मूठ घालतो. इथे देवापुढे निरांजन लाव म्हटलं तर याला काडेपेटी सापडत नाही.

बुनमीची आई सत्त्याऐंशी वर्षांची होती. कॉलवर कधीतरी मागे दिसायची, बोळकं उघडून हसायची. अनिल तिच्याशी चक्क मराठीत बोलायचा आणि ती तिच्या भाषेत उत्तरं द्यायची.

"काय बोलता रे तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही गं. जेवलास का, झोप लागली का. एवढंच."

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला नाही. तेराव्या दिवशी लागला नाही. चौदाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी माळ्यावरचे खोके उतरवत होते तेव्हा बुनमीच्या नंबरवरून एक फोटो आला.

फोटोत भगव्या वस्त्रातला एक गोटा केलेला माणूस होता. मिशी नाही. भुवयासुद्धा नाहीत. चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. मी म्हटलं, हा कोण बाबा? मग डाव्या कानाखालचा तीळ दिसला आणि मी स्टुलावरच खाली बसले. फोटोखाली बुनमीने लिहिलं होतं, "मिस्टर अनिल मंक टुडे. व्हेरी गुड."

मिहिका, आमची मुलगी, खोलीतून धावत आली. "मम्मा, व्हॉट हॅपन्ड टू हिज फेस?" तिने लगेच फोनवर शोधलं आणि म्हणाली, "इट सेज, सम पीपल डू इट फॉर अ डे, सम फॉर लाइफ."

"फॉर लाइफ म्हणजे?" मी विचारलं. तिने फोन बाजूला ठेवला.

मला एकच कळत होतं. आपल्याकडे पुरुष मिशी उतरवतो ती घरात कुणी गेलं तरच. भिक्खूबिक्खू सगळं नंतर, आधी कोण गेलं? मी चिपळूणला अरुणला, माझ्या दिराला, फोन लावला. "भावजी, सगळे बरे आहेत ना? काकू? तात्या?"

"सगळे ठणठणीत आहेत वहिनी. का हो?"

मी सांगितलं. मग तो सावकाश म्हणाला, "दादाने मिशी काढली? आईच्या वेळी नाही काढली ती?"

"तेव्हा विमानं बंद होती हो," मी म्हटलं.

"विमानांचं नाही म्हणत मी. यायला जमलं नाही, मान्य आहे. वस्तरा तर होता ना तिथे?"

मी फोन ठेवला. राग आला, आधी अरुणचा आणि मग अनिलचा. सासूबाई गेल्या तो एप्रिल २०२०. सगळं बंद होतं. अनिलने आईची चिता फोनवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसला, मिशीसकट. तेव्हाच मला वाटलं होतं, काय कोरडा माणूस आहे हा. स्वतःच्या आईसाठी मिशी न काढणाऱ्याने कुठल्या परक्या देशात भुवयांसकट सगळं उतरवलं होतं. परत आला तर हे त्याच्या तोंडावर विचारायचं, असं मी ठरवलं. परत आला तर.

सोमवारी त्याचा मेसेज आला. फक्त फ्लाइटचा नंबर आणि वेळ, बुधवारी दुपारची.

एअरपोर्टवर सगळी फ्लाइट बाहेर पडली तरी हा दिसेना. अर्ध्या तासाने आला, भगव्यात नाही, नेहमीच्या चेक्सच्या शर्टात. टाळूवर खुंट उगवले होते. लोक वळून वळून बघत होते.

"पासपोर्टच्या मशीनने चेहरा ओळखला नाही," तो म्हणाला. "मग काउंटरवरचा पोरगा कार्डावरच्या फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो. शेवटी म्हणाला, यल्ला अंकल, गो."

मी हसले नाही. गाडी मीच चालवत होते. पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत दम धरला, मग विचारलं, "कोण गेलं?"

"बुनमीची आई. झोपेतच गेली." तो समोर बघून सांगत होता. "त्यांच्याकडे घरातल्या मुलाने, नातवाने चितेच्या दिवसापुरता भिक्खू व्हायचं असतं. शवपेटीला पांढरा दोरा बांधतात, तो धरून पुढे चालायचं. बुनमी झालाच. पण नातू कोरियात आहे, त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याची जागा रिकामी होती. मी म्हटलं, मी बसतो. दोन दिवस आधीपासून फोन बंद ठेवायला लावला होता."

"आणि तू बसलास." माझा आवाज चढला. "अनिल, चौदा दिवसांची ओळख ती. तिचं नावसुद्धा तुला धड घेता येत नसेल. तिच्यासाठी भुवया काढल्यास? आणि स्वतःची आई गेली तेव्हा मिशीचा एक केस हलला नाही तुझा. अरुणने मला ऐकवलं. मी काय उत्तर द्यायचं त्याला?"

रस्त्यावर ऊन रणरणत होतं.

"मी वस्तरा घेऊन बाथरूममध्ये गेलो होतो, उर्मिला," तो म्हणाला. "तू दार वाजवलंस. म्हणालीस, आत्ता नको. ऑफिसात लिस्ट निघतेय, माणसं कमी करताहेत, रोज व्हिडिओ मिटिंगा आहेत. असा अवतार करून बसू नकोस."

"मी असं म्हटलं?"

"हो."

"मी?"

"तुझं बरोबर होतं तेव्हा," तो म्हणाला. "चौघे गेले त्या लिस्टमध्ये."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडणात मला कोणी हरवत नाही. मला ते आठवतच नव्हतं. बाथरूमचं दार आठवत नव्हतं, बोललेलं आठवत नव्हतं. पाच वर्षं मी या माणसाला कोरडा म्हणत आले होते, मनात आणि एकदोनदा मैत्रिणींपुढेही. आमच्या घराकडे वळणारा अल रीमचा फाटा मागे पडला हे मला पुढचा पूल आल्यावर कळलं.

"वळायचं राहिलं," तो म्हणाला.

"दिसलं मला."

मी पुढून गाडी वळवली.

"आता बाणेरचं कळवून टाक बिल्डरला," तो म्हणाला. "मी राहून आलो, बघून झालं. तू म्हणशील तिथे राहू."

तू म्हणशील तसं. तीस वर्षं हे ऐकत आले आणि तीस वर्षं मला ते आवडत आलं. नवरा कसा असावा, तर माझा आहे तसा, असं मी चारचौघींत सांगितलेलं आहे. त्या दिवशी मात्र ते मला ऐकवेना. आणखी काय काय नको म्हटलं असेन मी, आणि यानं बरं म्हणून दार उघडलं असेल?

सिग्नल लागला. मी गाडी थांबवली आणि त्याच्याकडे वळले.

"तुला कुठे राहायचंय, अनिल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. भुवया नसल्या की माणसाला आश्चर्य वाटलंय की वाईट, काही कळत नाही. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला.

"एकदम नाही सांगता येणार," तो म्हणाला. "सवय नाही."