भार आला की

"फ्रिज असता तर एव्हाना बर्फ धरला असता यानं," टेबलाखालून पुटपुटणं आलं.

जन्मभर फ्रिज दुरुस्त केलेला माणूस लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्याची बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. कपडे कधीच संपले होते. घातलेल्या घड्या मोडून ती पुन्हा घालत होती. खोलीतून उठायचं जिवावर आलं होतं.

लेक सासरहून आली ती दोन बॅगा आणि हे धूड घेऊन. "याचं ग्राफिक्स कार्ड बिघडलंय, बाबांना दाखवते," एवढंच म्हणाली. आईबापांनी पुढे विचारलं नाही. शेजारणीने चौकशी केली तेव्हा आईने ठासून सांगितलं, "कॉम्प्युटर नीट होईपर्यंत आहे ती." तेव्हापासून तो नीट होऊच नये, असं आईला वाटत होतं, आणि नवरा तर हात धुऊन मागे लागला होता.

कार्ड म्हणजे पत्त्याएवढं काहीतरी असेल, अशी तिची समजूत. निघाली चांगली वीट, तीन पंख्यांची. नुसता कॉम्प्युटर लावून ठेवला तर दिवसभर गुण्यागोविंदाने चालायची. गेम सुरू केला, चित्रं धावायला लागली, की पडदा काळा.

"भार आला की बसतंय," नवरा म्हणाला.

त्याने धूळ काढली. लेकीने कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. कार्डाला वीज देणाऱ्या दोन्ही पिना एकाच वायरीवर होत्या, तिथे त्याने दोन वेगळ्या वायरी दिल्या. पडदा काळाच.

शेवटी लेकीने माउसने पडद्यावरची एक पट्टी डावीकडे ओढली आणि कार्डाचा जोर कमी केला. गेम सुरू झाला. चित्र अडखळत होतं, पण काळं होत नव्हतं.

"झालं की मग," आई म्हणाली. म्हणायचं नव्हतं, तरी.

"झालं कसलं? ॲडजस्ट केलंय," लेक म्हणाली.

शब्द साधाच, पण घडी घालणारे हात थांबले. मागच्या वेळीही लेक अशीच आली होती. बापाने तिची बॅग उचलून गाडीत ठेवली होती. "थोडं ॲडजस्ट कर, बाळा," म्हणाला होता. आईने नुसती मान डोलावली होती, आणि त्या डोलावण्याचं तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"असं किती दिवस चालेल?" बापाने विचारलं.

"चालेल की." लेक पडद्याकडेच बघत होती. "कार्ड आतून गेलंय, बाबा. जोर कमी ठेवायचा, मोठं काही मागायचं नाही. चालतं तसं."

"पाणी आणू का कुणाला?" आई उठलीच.

"बस गं तू," नवरा म्हणाला.

ती बसली. तो जमिनीवरून उठला नाही. हातातला पेचकस उगाच एका बोटावरून दुसऱ्यावर घेत राहिला.

"तू मागच्या वेळी आलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा आम्ही तुला परत पाठवायला नको होतं."